आजीचं गोंदण आणि चिकटपट्टीखालची जागा

ही केस लिहून ठेवते आहे कारण यात माझं एक अख्खं डिझाइन, तीन रात्री जागून काढलेलं, कचऱ्यात गेलं. चूक माझीच होती आणि ती कुठे झाली हे कळायला मला भंडाऱ्याच्या पुढे एका गावात जाऊन ऐंशीच्या घरातल्या बाईचा हात धरून बसावं लागलं.

आधी थोडं माझ्या कामाबद्दल, नाहीतर पुढचं समजणार नाही. नागपूरला धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर छोटा टॅटू स्टुडिओ आहे, खाली झेरॉक्सवाला. रोजचं काम म्हणजे महादेव, त्रिशूळ, मोरपीस, "आई" वेगवेगळ्या फॉन्टमध्ये, आणि जुनं नाव झाकून द्या म्हणणारे, ज्यांचं नाव गोंदलं तिचं लग्न दुसरीकडे झालं असे. १४ एप्रिलच्या आधीचा आठवडा आणि दसऱ्याचे दिवस म्हणजे बाबासाहेबांची सही, चेहरा, अशोकचक्र, त्या दिवसांत जेवायलाही वेळ राहत नाही. काटोल-सावनेरकडची पोरं येतात त्यांना मी आधी विचारते की भरती देणार आहेस का, कारण आर्मीत कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूलाच टॅटू चालतो, दंडावर मोठा वाघ काढून घेतला की मेडिकलला रडत बसायचं. अशी एक-दोन पोरं मी परत पाठवते महिन्याला, धंदा गेला तर गेला. कस्टम म्हणजे बसून, विचारून, फक्त त्या एका माणसासाठी काढलेलं काम तसं कमीच येतं. बहुतेक लोक मोबाईल पुढे करतात, "सेम टू सेम पाहिजे."

फेब्रुवारीत एक ताई आल्या. वय ३६, एका दवाखान्यात स्टाफ नर्स, ड्यूटी संपवून सरळ आलेल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा पाहिला, झाकण लागते की नाही ते पाहिलं, सुईच्या कार्ट्रिजच्या सीलबंद पाकिटावरची तारीख वाचली आणि मग मला विचारलं, हेपॅटायटिस बीचे तीनही डोस झाले का तुमचे. झालेत म्हटलं. सात वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही हे मी सांगायला गेली तर त्यांनाच ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मग मोबाईल काढला. फोटोत आजीचा डावा हात, म्हणजे आईची आई, मागच्या वर्षी मे महिन्यात गेली. शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या पलंगावर घेतलेला फोटो, हिरवी चादर, हात उताणा, आणि कोपराकडून मनगटाकडे उतरत गेलेलं गोंदण. वर ठिपक्यांचा एक चौक, त्याच्या खाली विंचू, शेपटी वळलेली, त्याखाली ठिपक्यांच्या ओळी, आणि मग एकदम पांढरी चिकटपट्टी, कारण तिथे सलाईनची सुई लावलेली. पट्टी चांगली चार बोटं रुंद, मनगटाला गुंडाळलेली. तिच्या खाली काय आहे ते दिसत नाही. पट्टीच्या पलीकडे, तळहाताच्या अगदी जवळ, तीन ठिपके.

"मला हेच पाहिजे," ताई म्हणाल्या. "जसं आजीच्या हातावर होतं तसंच. वर्षश्राद्धाच्या आधी."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, हीच पहिली चूक.

पट्टीखाली काहीतरी असणारच हे मी गृहीत धरलं. वर डिझाइन, खाली तीन ठिपके, मधे एवढी जागा रिकामी कोण ठेवेल? मग मी शोधत बसली. इंटरनेटवर गोंदण म्हणून टाकलं की काय वाट्टेल ते येते, बैगा बायकांच्या पाठीवरचं, गोंडांचं, कच्छकडचं, सगळं एकाच पानावर, आणि मधेच "ट्रायबल" म्हणून पॉलिनेशियाचे दंडावरचे काळे पट्टे. त्यातून मला एक तुळशीवृंदावन आवडलं. ते पट्टीच्या जागेत बसवलं, दोन्ही बाजूंना ठिपक्यांची वेल, आणि वरचा चौक थोडा वाकडा होता तो टॅबवर मिररने सरळ केला, विंचवाची शेपटी जराशी लांबवली. दिसायला फार मस्त झालं होतं, खरं सांगते, मी ते इन्स्टाला टाकणार होती.

पुढच्या रविवारी ताई आईला घेऊन आल्या. ताईंची आई, म्हणजे काकू, पहिल्यापासून नाराज, "नर्सच्या हातावर हे शोभते का," वगैरे. मी प्रिंट समोर ठेवली. काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, बोट फिरवलं कागदावर आणि म्हणाल्या, "हे माझ्या मायचं नाही जी."

काय चुकलं विचारलं तर सांगता येईना. "इथं काहीतरी जास्त होऊन राहिलं." तुळस नव्हती का? "नसन." मग काय होतं तिथे? आठवेना. साठ वर्षं जो हात पाहिला, ज्या हाताने जेवू घातलं, त्या हाताच्या मनगटावर काय होतं ते काकूंना सांगता येत नव्हतं, आणि त्यांना त्याचं इतकं वाईट वाटलं की मीच विषय बदलला आणि चहा सांगितला खालून. रोज दिसणारी गोष्ट आपण पाहतच नसतो, मला माझ्या आईच्या कपाळावरचं गोंदण डावीकडे आहे की मधोमध हे घरी जाऊन पाहावं लागलं त्या रात्री. मधोमध आहे.

चहा पिता पिता काकूंना एकच आठवलं की त्यांची मावशी अजून आहे, भंडाऱ्याच्या पुढे लाखनीकडे, आणि तिला आणि आजीला, दोघी बहिणींना एकाच दिवशी, एकाच बाईने गोंदलं होतं.

मार्चमध्ये आम्ही तिघी गेलो. वैनगंगेचा पूल ओलांडला की पुढे बांध्याच बांध्या, धान केव्हाच निघालेलं, रस्त्याच्या कडेला मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. मावशीआजी अंगणात बाजेवर बसलेल्या. मी बटर पेपर, मार्कर आणि टेप घेऊन गेली होती. मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. पण ऐंशी वर्षांच्या कातडीवरून ट्रेसिंग घेणं म्हणजे चुरगळलेल्या साडीवरून नक्षी उतरवणं, अंगठ्याने ताणलं की विंचू लांब होतो, सोडलं की ठिपके एकमेकांत जातात, हात वळवला की अख्खा चौक तिरपा. शेवटी तीन ट्रेसिंग घेतल्या, एक हात सरळ ठेवून, एक अर्धा वाकवून, एक मांडीवर सैल टाकून. गुदगुल्या होऊन राहिल्या म्हणून मावशीआजी हसत होत्या आणि हसल्या की कागद सरकायचा.

त्यांच्या हातावरही तेच: चौक, विंचू, ओळी, मग रिकामी जागा, मग तीन ठिपके. मी मनगटावर बोट ठेवून विचारलं, आजी, इथलं पुसलं गेलं का?

"तठी त काहीच नव्हतं वं पोरी. तठी बांगड्या राहत."

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहतच राहिली. चार बोटं जागा बांगड्यांची. गोंदणारीण हात हातात घ्यायची, बांगड्या कुठे येतात ते पाहायची आणि तेवढी जागा सोडून वर-खाली गोंदायची, कारण बांगडीखाली गोंदलं तर दिसणार नाही आणि जखम ओली असताना बांगडी घासली तर चिघळणार. फोटोत बांगड्या नव्हत्या म्हणून मला ते सुचलं नाही. आणि फोटोत त्या का नव्हत्या ते परत येताना गाडीत ताईंनी सांगितलं. आजोबा गेल्यावर काचेच्या गेल्या होत्या पण चांदीचे दोन गोठ आजीने हातात ठेवले होते, ते भरती करताना काढावे लागले, ताईंनीच काढले साबण लावून, आणि त्याच जागेवर मग सुई लागली.

मावशीआजींनी बाकीही बरंच सांगितलं. शिवणाच्या सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याचं काजळ, कसला तरी पाला वाटून त्याचा रस, नंतर हळद-तेल. गोंदताना ती बाई गाणं म्हणायची म्हणजे पोरीचं लक्ष तिकडे जाईल. मोबदला पायलीभर धान आणि एक जुनं लुगडं. तू किती घेतेस म्हणून मला विचारलं, मी आकडा सांगितला, त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. निघताना मात्र ताईंचा हात धरून म्हणाल्या, "सोनं काढून घेतेत मंग. हे कोनी काढत नाही." हे वाक्य मी खूप जणींकडून ऐकलं आहे, गोंदण तेवढं सोबत जाते म्हणतात. पण वॉर्डात गेलेल्या माणसाच्या अंगावरचे दागिने काढून नातेवाईकांच्या हातात द्यायचं काम जिचं आहे तिला ते सांगितलं जात होतं, आणि ताई नुसतं हो हो करत होत्या.

तर डिझाइन सुटलं. तुळस गेली, वेल गेली, चौक परत वाकडा केला. आता उरले दोन प्रश्न, रेषा आणि रंग, आणि या दोन्हीवर माझं आणि ताईंचं चांगलंच वाजलं.

रेषांचं असं की फोटोत जे ठिपके दिसतात ते गोंदले तेव्हा तसे नव्हतेच. साठ-सत्तर वर्षांत ते पसरले. टॅटूचा रंग वरच्या कातडीत नाही, तिच्या खालच्या थरात दीड-दोन मिलिमीटर आत बसतो, तिथल्या पेशी ते कण गिळून बसतात, त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते परत गिळतात. फ्रान्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे उंदरांवर दाखवलं होतं. म्हणून टॅटू टिकतो, आणि वर्षांनुवर्षं असं हळूहळू सरकत गेल्यामुळेच कडा मऊ होतात. माझं म्हणणं, बारीक ठिपके टाकू, मावशीआजींच्या ट्रेसिंगवरून मूळ अंतर काढू, तुमचं वय वाढेल तसं ते आजीसारखं होईल. ताई म्हणाल्या, "मला वीस वर्षांनी नाही पाहिजे, मला आत्ता पाहिजे. मी तो बारीक ठिपका कधी पाहिलाच नाही, मी हा पाहिला आहे."

बरोबर होतं त्यांचं. पण आत्ताच पसरलेला जाड ठिपका टाकला तर तो इथून पुढे आणखी पसरणार आणि पंधरा वर्षांत दोन ठिपक्यांमधली जागा बुजून विंचवाचा डाग होणार. नवीन टॅटू जुना दिसला पाहिजे पण म्हातारा होता कामा नये, असा हा घोळ. शेवटी असं ठरवलं की अख्खं डिझाइन थोडं मोठं करायचं, आजीचा चौक साधारण ६ सेंटीमीटर होता तो साडेसात, वाढवलेली सगळी जागा ठिपक्यांच्या मधे द्यायची, आणि प्रत्येक ठिपक्याची कड अगदी बारीक टिंबांनी विरवून टाकायची. हे काम मी मशीनने नाही केलं. मशीन फार एकसारखं मारते. १८९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पेटंट मिळालेलं पहिलं टॅटू मशीन एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनवरूनच निघालं होतं, कागदावर एकसारखी भोकं पाडायचं यंत्र ते, आणि तो गुण अजून गेलेला नाही. सुई हातात धरून, टोचून टोचून केलं, तीन सुयांचा गुच्छ. वेळ तिप्पट लागला.

रंगाचं त्याहून मजेदार. ताईंना हिरवा पाहिजे होता. "आजीचं हिरवं होतं ना." सगळ्यांचंच हिरवं असते, आपण हिरवं गोंदण असंच म्हणतो, पण त्यात हिरवं काहीच नसते, असते काजळ, म्हणजे बहुतेक सगळा काळा कार्बन. कातडीखालचा काळा वरून निळसर-हिरवट दिसतो कारण प्रकाशातला निळा भाग कातडीत जास्त विखुरतो आणि परत बाहेर येतो, मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्याच्या जवळचाच प्रकार. हिरवी शाई टाकली तर ते गोंदणासारखं नाही, पेन फुटल्यासारखं दिसेल असं मी सांगितलं. पटलं नाही. मग मी वाद घातला नाही, मागेच, फेब्रुवारीतच, कोपराच्या आतल्या बाजूला तीन ठिपके टाकून दिले होते, एक पूर्ण काळा, एक काळ्यात तिप्पट पाणी घालून, एक काळ्यात हिरवा मिसळून. ताईंना जखमेचा गाठीसारखा व्रण राहतो का हेही त्यातच कळणार होतं.

सहा आठवड्यांनी पाहिलं. व्रण नाही. पूर्ण काळा अजून काळाच. हिरवा मिसळलेला अगदी मी म्हटलं तसा, बँकेच्या शिक्क्यासारखा. आणि पाणी घातलेला ठिपका धुरकट निळसर झालेला. मोबाईलमधला फोटो शेजारी धरला तर ताई हसल्या, "हाच." मी जिंकली म्हणून मला बरं वाटलं हे कबूल करते.

सिटिंग एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी जयंतीची गर्दी होती, आणि मला तर ऑक्टोबरच पाहिजे होता, नागपूरच्या उन्हाळ्यात नवीन टॅटू म्हणजे घाम, धूळ आणि खाज. पण वर्षश्राद्ध मे महिन्यात. ताईंनी दहा दिवस सुट्टी टाकली, कारण ड्यूटीवर दिवसाला पन्नास वेळा हात धुवायचे आणि सॅनिटायझर लावायचं, त्यात ताजा टॅटू टिकत नाही.

सकाळी सातला सुरू केलं. काकू आल्या होत्या, मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की आजीचे गोठ घेऊन या. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर नक्षी उतरवायचा कागद, दोन भागात कापलं, वरचा भाग वेगळा आणि तीन ठिपके वेगळे. ताईंनी गोठ हातात घातले. ढिले होते, हात खाली केला की तळहातापर्यंत घसरायचे, आजीचं मनगट जाड होतं. मग काकूंनीच ते धरून ठेवले, "माय इथं घालायची," आणि मी पेनाने वर एक आणि खाली एक खूण केली. दोन खुणांच्या मधे काहीच करायचं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी कोणी मला सांगितलं असतं की तू एक दिवस रिकाम्या जागेचं माप घेशील तर मी हसली असती. गोठ काढले, निळं स्टेन्सिल लावलं, काकूंनी पाहिलं आणि यावेळी बोट फिरवलं नाही, नुसती मान हलवली.

साडेचार तास. ताई एकदाही कण्हल्या नाहीत, मधे एकदा मलाच म्हणाल्या, मान अवघडली असेल, उठा पाच मिनिटं.

आणि मग माझी दुसरी चूक. टॅटूवर मी ती चिकट पारदर्शक फिल्म लावली, जी तीन-चार दिवस ठेवतात, नेहमीच लावते. बाहेर ४३ डिग्री, घरी कूलर, आणि कूलरची हवा दमट. दुसऱ्या दिवशी रात्री ताईंचा फोटो आला, फिल्मखाली काळपट पाण्याचा फुगा आणि कडेला घामोळ्या. मी घाबरली, त्या नाही. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी कोमट पाण्यात भिजवून फिल्म काढली, साध्या साबणाने धुतलं, कोरडं करून उघडं ठेवलं आणि मग मला कळवलं. इन्फेक्शन झालं नाही. पण विंचवाच्या शेपटीतले दोन ठिपके धरलेच नाहीत, खपली निघाली तेव्हा त्यांच्यासोबत रंगही निघून गेला. तेव्हापासून मार्च ते जून मी फिल्म लावत नाही, फार झालं तर पहिली रात्र, आणि लोकांना धुवायला शिकवते.

वर्षश्राद्धाला मी गेली नाही, बोलावलं होतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर दोघी टचअपला आल्या. सात आठवडे झाले होते, रंग बसला होता, काळेपणा गेला होता, धुरकट निळा वर आला होता, आणि लांबून पाहिलं तर नवीन वाटत नव्हतं, जवळून पाहिलं तर थोडं वाटत होतं. मी दोन ठिपके भरले, दहा मिनिटं लागली. काकूंनी चष्मा लावला, लेकीचा हात खिडकीकडे नेला, उजेडात इकडून तिकडून पाहिला.

"अजून जरा उतरू दे," म्हणाल्या, "मंग होईन."

टचअपचे पैसे घेतले नाही. दोनच ठिपके होते.